गेमिंग पीसी बनवून विकताय? ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएसची जोडी अशी जमवा



गेमिंग पीसी असेंबल करून विकायचा व्यवसाय घरातल्या एका टेबलावर सुरू होतो. दुकान नको, मोठा स्टॉक नको. ऑर्डर आली की ॲडव्हान्स घ्यायचा, पार्ट आणायचे, जोडायचे, द्यायचे. म्हणून बरेच जण यात उतरतात. पण टिकतो तोच, ज्याचा विकलेला पीसी तक्रार घेऊन परत येत नाही. यासाठी ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस या दोन वस्तूंची जोडी नीट जमवता आली पाहिजे. व्हिडिओत आकडे भराभर गेले, म्हणून इथे सावकाश लिहून देतो. वही-पेन घेऊन बसा.

1. आधी मॉनिटर विचारा, मग कार्ड ठरवा

ग्राहक म्हणतो, "दादा, 70 हजारांत एकदम भारी पीसी पाहिजे." लगेच कोटेशन देऊ नका. तीन प्रश्न विचारा. कोणते गेम खेळणार? मॉनिटर कोणता? गेमशिवाय एडिटिंगसारखं काही काम करणार का?

मॉनिटरचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. 1920×1080 च्या स्क्रीनवर साधारण 20.7 लाख पिक्सेल असतात. 2560×1440 वर 36.9 लाख, आणि फोर-के म्हणजे 3840×2160 वर 82.9 लाख, म्हणजे बरोबर चौपट. जितके पिक्सेल जास्त, तितकं कार्डाला काम जास्त. शिवाय 60 हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला 60 चित्रंच दाखवतो. त्याच्यामागे महागडं कार्ड लावलं तर ग्राहकाचे पैसे वाया गेले ना?

वॅलोरंटसारखा हलका गेम आणि 1080पी मॉनिटर असेल तर आरटीएक्स 4060 किंवा आरएक्स 7600 या वर्गातलं 8 जीबीचं कार्ड पुरून उरतं. सायबरपंक 2077 सारखे जड गेम 1440पी वर खेळायचे असतील तर आरटीएक्स 4070 च्या वर्गात जावं लागतं, तिथे 12 जीबी मेमरी मिळते. नवीन मॉडेलं येत राहतील, पण विचारायचे प्रश्न हेच राहतील.

2. आता वॅटची बेरीज करा

हा हिशोब तोंडपाठ करा. आरटीएक्स 4060 कार्ड 115 वॅट. इंटेल आय5-12400एफ प्रोसेसर पूर्ण जोरात 117 वॅटपर्यंत. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून 60 धरा. बेरीज 292 वॅट.

ही बेरीज एसएमपीएसच्या क्षमतेच्या साधारण 60 टक्क्यांत बसली पाहिजे. 292 भागिले 0.6, उत्तर आलं 487. म्हणजे 550 वॅटचा एसएमपीएस घ्या. त्याच पीसीत 200 वॅटचं आरटीएक्स 4070 लावलं तर बेरीज 377, भागाकार 628, म्हणून 650 वॅट. कंपनीसुद्धा या दोन कार्डांसाठी 550 आणि 650 हेच आकडे सुचवते.

एवढी जागा मोकळी का ठेवायची? कारण कार्ड क्षणभरासाठी आपल्या ठरलेल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढतं. तो झटका एसएमपीएसला पेलला नाही की ऐन गेममध्ये पीसी बंद पडतो आणि ग्राहकाचा फोन तुम्हाला येतो.

3. डब्यावरचा आकडा नको, लेबल वाचा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा नाहीतर तुमच्या गावातल्या दुकानात जा, कॅबिनेटसोबत "फ्री" एसएमपीएस देऊ करणारा भेटतोच. त्याच्या लेबलवर 12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलंय ते बघा आणि 12 ने गुणा. कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः याच लाईनवर चालतात. समजा, वर 450 वॅट लिहिलंय पण 12 व्होल्टला 16 अँपिअरच आहेत. तर कामाची वीज फक्त 192 वॅट! चांगल्या 550 वॅटच्या एसएमपीएसवर हाच आकडा 45 अँपिअरच्या आसपास असतो.

कार्डाला लागणाऱ्या वायरीही मोजा. मदरबोर्डचा स्लॉट 75 वॅट देतो, 6 पिनची वायर 75 आणि 8 पिनची 150. पिन कमी पडतात म्हणून स्वस्तातला जोड-कन्व्हर्टर लावू नका. एका मॉड्युलर एसएमपीएसची वायर दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला तर कधीच लावू नका. पिनची रचना वेगळी असली तर पार्ट जळू शकतात.

4. ब्रॉन्झ की गोल्ड?

80 प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, बाकी दर्जाची हमी देत नाही. 115 व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या लोडवर ब्रॉन्झला किमान 85 आणि गोल्डला 90 टक्के कार्यक्षमता लागते. पीसी 300 वॅट वापरत असेल तर फरक साधारण 20 वॅटचा. घरच्या ग्राहकाला यातून फारसं काही वाचत नाही, त्याला चांगल्या कंपनीचा ब्रॉन्झ चालतो. पण गेमिंग कॅफेत असे 10 पीसी रोज 12 तास चालले तर महिन्याला साधारण 72 युनिट वाचतात. तिथे गोल्ड सुचवा, आणि हा हिशोब कोटेशनच्या खाली लिहून द्या. ग्राहकाचा विश्वास अशानेच बसतो.

यूपीएसही याच वेळी विचारा. 600 व्हीएचा यूपीएस सहसा 360 वॅटच देतो. वरचा पीसी आणि मॉनिटर मिळून तिथे काठावर येतात.

5. नफा कुठून काढायचा?

समजा, एका पीसीवर तुम्हाला 3000 रुपये सुटतात. स्वस्त एसएमपीएस घालून आणखी 1500 वाचवले. उद्या तो जळला, जाताना कार्डही घेऊन गेला, तर दहा पीसींचा नफा एका झटक्यात जाईल. वर तो ग्राहक कॉलेजात चार मित्रांना सांगेल ते वेगळंच. म्हणून बजेट कमीच पडत असेल तर कार्ड एक पायरी खाली आणा, एसएमपीएसला हात लावू नका. कार्ड पुढे बदलता येतं, आणि त्या वेळी ग्राहक परत तुमच्याकडेच येतो.

नफा कामातून कमवा. असेंब्लीचे पैसे कोटेशनमध्ये उघड लिहा. पार्ट जीएसटी बिलावरच घ्या. डिलिव्हरीआधी तासभर जड गेम चालवून तापमान लिहून ठेवा. प्रत्येक पार्टच्या सिरियल नंबरचा फोटो काढा, वॉरंटीच्या वेळी तोच कामाला येतो.

आजचा गृहपाठ: आरएक्स 7600 कार्ड 165 वॅटचं आहे. प्रोसेसर वरचाच. बेरीज करा, 0.6 ने भागा आणि एसएमपीएस ठरवा. उत्तर 570 आलं तर तुमचा हिशोब बरोबर. आता सांगा, ग्राहकाला 550 देणार की 650? मी 650 देईन, कारण दोन वर्षांनी तो मोठं कार्ड मागणारच आहे.