लाकडी पेनाचा सांगाडा : निवडीचा विचार

लाकडी पेन हातात घेतले की पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम लाकडावर जाते. रंग कसा आहे, रेषा कशा धावल्या आहेत, लाकूड बाभळीचे की चिंचेचे, असे प्रश्न तो विचारतो. पेन लिहिते कसे, हे तो मागाहून पाहतो. घडविणाऱ्याला मात्र उलट क्रमाने विचार करावा लागतो. लाकडी पेनात लाकूड हा केवळ अंगरखा असतो. लिहिण्याचे काम आतल्या पितळी नळीत बसविलेली यंत्रणा करते. ही यंत्रणा, नळी, पुढचे टोक, क्लिप, मधली कडी असे सर्व सुटे भाग एका पुडीत विकत मिळतात. त्या पुडीला पेन घडविणारे ‘किट’ म्हणतात. आमचे वडील तिला ‘सांगाडा’ म्हणतात आणि तो शब्द मला अधिक समर्पक वाटतो. प्रस्तुत लेखात मध्यम किमतीच्या सांगाड्याची निवड कोणत्या कसोट्यांवर करावी, याचा विचार करावयाचा आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने असला सुतारकामाचा विषय का घ्यावा, अशी शंका कोणी घेईल. पण आपण सारे लिहिणारी माणसे आहोत आणि लेखनसाधनाची निवड हा आपल्या परंपरेत कधीही क्षुल्लक विषय मानलेला नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्याच समासात समर्थांनी लेखनक्रियेचे निरूपण केले आहे. त्यात वळणदार अक्षराबरोबर बोरूचाही विचार आहे. बोरू निरनिराळ्या प्रांतांतून आणावेत आणि त्यांतले बारीक, सरळ निवडून घ्यावेत, असे ते सांगतात. सतराव्या शतकातला लेखक बोरू पारखून घेत असे. आपण बॉलपेन दुकानदार देईल ते घेतो, एवढाच फरक.

दुसरे कारण घरगुती आहे. आम्ही लोहारा तालुक्यातले. वडिलांचे सुतारकाम. घरी लाकूड कातण्याचा लहान लेथ आहे. पूर्वी त्यावर बाजेचे खूर, पाळण्याच्या दांड्या, लाटणी आणि रव्या होत. आता या वस्तूंना गिऱ्हाईक उरले नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी त्याच लेथवर पेने कातू लागलो. माझ्या शिक्षणाच्या खर्चाचा काही भाग त्यातून निघतो.

कातकाम आपल्याकडे नवे नाही. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि त्यांवरील लाखकाम महाराष्ट्रभर माहीत आहे. कातारी हा तर आपल्या समाजातला जुना कारागीर. देशी पेनाचीही परंपरा आहे. आंध्रातील राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने फाउंटन पेने बनविली आणि १९३५ मध्ये खुद्द गांधीजींनी त्यांना पत्र लिहिले. आज पुण्यातील ‘फॉस्फर’ हे हस्तनिर्मित पेनांचे नाव शौकिनांच्या परिचयाचे आहे. परंतु रत्नम यांच्यासारखा कारागीर पेनाचा सारा देह स्वतः घडवितो. किटवर काम करणारा फक्त लाकूड घडवितो. बाकीचे भाग बहुधा चीन किंवा तैवानमधून आलेले असतात. अण्णा एकदा म्हणाले, “लाकूड आपलं, पण कळ परक्याची. तवा कळ बघून घ्यावी.” या लेखाचे सार त्या एका वाक्यात आहे.

मध्यमच का?

किटांच्या ढोबळमानाने तीन पायऱ्या मानता येतील : अगदी स्वस्त, मध्यम आणि उंची. हिशेबापुरते असे धरू की स्वस्त किट १५० रुपयांना, मध्यम ४०० ला आणि उंची १५०० ला पडते. लाकूड, डिंक, पॉलिश पेपर आणि दोन तासांची मजुरी मिळून २५० रुपये धरू. हा खर्च तिन्ही पेनांना सारखाच आहे. म्हणजे स्वस्त पेन ४०० ला आणि मध्यम ६५० ला पडले. आता स्वस्त पेनाची कळ दोन वर्षांत ढिली झाली, तर वर्षाला २०० रुपये खर्च झाला. मध्यम पेन आठ वर्षे चालले, तर वर्षाला सुमारे ८१ रुपये. आकडे गृहीत आहेत, पण त्यांचा कल खरा आहे. मजुरी जेथे सारखी, तेथे मालात केलेली काटकसर महाग पडते.

मग उंचीच का घेऊ नये? कारण वरच्या पायरीवर वाढलेली किंमत बरीचशी नक्षी, खडे आणि जाड दागिन्यासारख्या कड्या यांची असते. कळ पुष्कळदा मध्यम किटाच्याच जातीची असते. शिवाय जिल्ह्याच्या ठिकाणी दीड-दोन हजारांचे पेन घेणारा क्वचितच भेटतो.

निवडीच्या कसोट्या

पहिली कसोटी रिफिलीची. ही मी सर्वांत वर ठेवतो. सडपातळ बांध्याच्या, ७ मिलिमीटर नळीच्या किटांना बहुधा क्रॉस पद्धतीची बारीक रिफिल लागते. जाड बांध्याच्या पुष्कळ किटांना पार्कर पद्धतीची, सुमारे ९८ मिलिमीटर लांबीची रिफिल चालते. हे दुसरे माप आंतरराष्ट्रीय प्रमाणात बसविलेले असल्याने अनेक कंपन्या ते काढतात. त्यात बॉलपेनाची आणि जेलची, अशा दोन्ही रिफिली मिळतात. किट मागविण्यापूर्वी आपल्या तालुक्याच्या गावातील स्टेशनरीच्या दुकानात जाऊन विचारावे : ही रिफिल तुमच्याकडे नेहमी असते काय? उत्तर नकारार्थी आले, तर किट कितीही देखणे असो, घेऊ नये. रिफिलीसाठी सोलापूर गाठावे लागणारे पेन पहिली रिफिल संपताच टेबलाच्या खणात जाते.

दुसरी कसोटी कळीची. कळ तीन प्रकारची असते : पिळाची, खटक्याची आणि टोपणाची. खटक्याच्या कळीत स्प्रिंग आणि दातेरी भाग असतात, म्हणून बिघाडाच्या जागाही अधिक. पिळाची कळ साधी असते. ती हातात घेऊन वीस-पंचवीस वेळा फिरवावी. सर्व वेळा सारख्याच जोराने फिरली, शेवटी स्पष्ट थांबली आणि टोक डगमगले नाही, तर ती चांगली. विक्रेता तीच कळ सुटी देतो की नाही, हेही विचारून घ्यावे. कळ नळीत दाबून बसविलेली असते. ती काढून नवी बसविता येते. सुटा भागच मिळत नसेल, तर लाकूड शाबूत असूनही पेन संपले.

तिसरी कसोटी मुलाम्याची. गिऱ्हाइकाला सोनेरी रंग आवडतो. पण खऱ्या सोन्याचा पातळ मुलामा मऊ असतो. रोज बोटे लागणाऱ्या जागी, विशेषतः घामट हाताच्या माणसाकडे, तो लवकर विरतो आणि खालचे पितळ डोकावू लागते. क्रोमचा मुलामा कठीण व टिकाऊ असतो. सोनेरीच हवा असेल, तर टायटॅनियमचा सोनेरी थर दिलेले किट घ्यावे. ते थोडे महाग असले तरी घर्षणाला पुरून उरते. मध्यम किमतीत क्रोम हीच शहाणी निवड.

चौथी कसोटी आट्यांची. टोपण किंवा पुढचे टोक फिरवून बसविण्याची सोय असेल, तर दोन्ही बाजूंचे आटे धातूचे आहेत काय, ते पाहावे. धातूचा भाग प्लॅस्टिकच्या आट्यांत फिरत असेल, तर झीज प्लॅस्टिकचीच होणार. फाउंटन पेनाचे किट असेल, तर निब ओढून काढता येते काय आणि प्रचलित मापाची दुसरी निब बसते काय, हेही तपासावे.

पाचवी कसोटी वजनाची. ती आपल्यासारख्या परीक्षार्थींसाठी. तीन तासांचा पेपर लिहिताना फार बारीक पेनाने बोटे आखडतात आणि डोक्याकडे जड असलेले पेन मागे झुकते. तयार पेन बोटावर आडवे तोलून पाहावे. तोल मध्याच्या किंचित पुढे, निबेच्या बाजूला आला, तर हात थकत नाही.

सहावी कसोटी छुप्या खर्चाची. प्रत्येक जातीच्या किटाला भोक पाडण्याचे निराळे ड्रिल आणि कातताना जाडीचे माप दाखविणारे निराळे बुश लागतात. पाच जातींची पाच किटे घेणाऱ्याला पाच ड्रिले आणि पाच जोड्या बुश घ्यावे लागतात. म्हणून नवशिक्याने एक, फार तर दोन जाती धराव्यात. बुशवर मात्र पूर्ण विसंबू नये. एकाच जातीच्या दोन वेळच्या मालात बारीक फरक असतो आणि बुशही पॉलिश पेपराने झिजतात. धातूचे भाग व्हर्निअरने मोजून त्या मापाला लाकूड आणावे. बोट फिरविल्यावर लाकूड संपून धातू कोठे सुरू झाला, हे कळता कामा नये.

लाकडाकडून किटाकडे

आपल्या जिल्ह्यात पेनाला योग्य लाकूड विपुल आहे. बाभूळ कठीण आणि चिवट. जुन्या औतांत व गाड्यांत ती असतेच. चिंचेचा काळपट जांभळा गाभा फार सुंदर निघतो. बोर आणि कडुलिंब कातण्यास बरे. शिसव आणि चंदन यांवर कायद्याचे निर्बंध आहेत. तिकडे न वळणेच बरे. लाकूड मात्र पुरते वाळलेले हवे. पितळ हवेतल्या ओलाव्याने फुगत नाही, लाकूड फुगते आणि आकसते. सडपातळ किटात टोकाशी लाकडाची भिंत एक मिलिमीटरपेक्षाही कमी उरते. चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात अर्धवट वाळलेली भिंत तडकते. जाड बांध्याच्या मध्यम किटात ही भिंत बहुधा अधिक जाड ठेवता येते, हे त्याच्या बाजूचे आणखी एक प्रमाण.

पण आमच्या भागात एक लाकूड असे आहे, की जे कोणत्याही बाजारात मिळणार नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. आजच्या लोहारा आणि उमरगा तालुक्यांतील सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. तेथली घरे मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंतींची, वर मातीचे जड माळवद आणि आत लाकडी खांब-तुळयांचे खण. भिंती आणि माळवद माणसांवर कोसळले. पुढे गावे नव्या जागी वसली. ढिगाऱ्यांतून निघालेले लाकूड काही गोठ्याला लागले, काही चुलीत गेले आणि काही कोणी जपून ठेवले.

मी त्या वेळी जन्मलोही नव्हतो. परंतु असे जपलेले तुकडे घेऊन माणसे आमच्या घरी येतात. गेल्या वर्षी एक वयस्कर मावशी वीतभर तुकडा घेऊन आल्या. तो त्यांच्या माहेरच्या उंबरठ्याचा होता. त्यांना त्याचे पेन करून शाळामास्तर असलेल्या मुलाला द्यायचे होते. तुकड्याचे एक टोक वाळवीने खाल्लेले, मध्ये खिळ्याचे भोक. दोन नळ्यांच्या सडपातळ किटाला दोन निर्दोष तुकडे लागले असते. तेवढे चांगले लाकूड त्यात नव्हते. एका नळीच्या किटाला जेमतेम सहा सेंटिमीटर निर्दोष लाकूड पुरते. ते निघाले. पिळाची कळ, क्रोमचा मुलामा, पार्कर पद्धतीची रिफिल, अशी निवड आम्ही केली. “मावशी, सोनेरी बसवू का?” असे अण्णांनी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “चकाकी नको बाबा, टिकाऊ बसीव.”

या एका उदाहरणात सर्व कसोट्यांचा कस लागतो. बाजारातले लाकूड वाया गेले तर दुसरे आणता येते. उंबरठा दुसरा आणता येत नाही. अशा लाकडात तकलादू कळ बसविणे म्हणजे ज्याने ते इतकी वर्षे जपले, त्याचा विश्वास दोन वर्षांच्या मुदतीने बांधणे होय. आणि तेथे खड्यांचे उंची किट बसविणेही विसंगतच. लाकडाकडे पाहायचे सोडून लोक कड्यांकडे पाहतील. मध्यम किट म्हणजे मधली किंमत एवढाच अर्थ नव्हे. आपण मागे राहून लाकडाला पुढे करणारा आणि तरीही वर्षानुवर्षे काम देणारा सांगाडा, असा त्याचा खरा अर्थ आहे.

मागविण्याची रीत

जे विद्यार्थीमित्र हे काम करू इच्छितात, त्यांच्यासाठी थोडक्यात रीत सांगतो. किटे आपल्याकडे टपालाने किंवा कुरियरने मागवावी लागतात, म्हणून प्रथम एकदम डझन मागवू नये. दोन जातींचे एकेक किट मागवावे. साध्या बाभळीत ती बसवावीत. नळी पॉलिश पेपराने खरबरीत करून मगच डिंक लावावा, म्हणजे पकड बसते. तयार पेनाने पंधरा दिवस वर्गात टिपणे काढावीत. शक्य तर तेवढेच दिवस मित्रालाही वापरायला द्यावे, कारण प्रत्येकाची पकड निराळी. कळ ढिली पडली नाही, मुलामा डागाळला नाही आणि रिफिल गावात मिळाली, तर त्याच जातीची दहा किटे आणि दोन सुट्या कळी मागवाव्यात. पेन विकताना रिफिलीची जात एका चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवावी. गिऱ्हाईक पुन्हा येते, ते बहुधा त्या चिठ्ठीमुळे.

उंबरठ्याचे ते पेन त्या मास्तरांच्या खिशाला असते. परवा ते भेटले, तेव्हा त्यांनी रिफिल बदलल्याचे सांगितले. ती त्यांना लोहाऱ्यातच मिळाली होती.