सायकल घेण्याआधी

यूट्रेख्ट

चि. ओंकार,

डेल्फ्टला खोली मिळाली आणि आता तू सायकल बघतो आहेस, हे वहिनीकडून कळलं. या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त, त्यामुळे चोरांचंही फावतं. म्हणून घेण्याआधीच लिहिते.

स्टेशनाबाहेर कुणी थांबवून पन्नास युरोत सायकल देऊ केली, तर घेऊ नकोस. ती बहुधा चोरीचीच असते. शंका यावी अशी परिस्थिती असताना चोरीचा माल घेणं हाही इथे गुन्हा आहे. आणि ओंकार, तुझ्यासारखाच कुणी मुलगा त्या दिवशी पायी घरी गेलेला असतो. गिऱ्हाईक आहे म्हणून ही चोरी चालते. आपल्या घरातलं कुणी ते गिऱ्हाईक होऊ नये. जुनीच घे, पण दुकानातून, पावतीसकट. फ्रेमवरचा नंबर पोलिसांच्या वेबसाइटवर तपासता येतो. तो लिहून ठेव आणि सायकलीचा फोटोही काढून ठेव.

मागच्या चाकाचं गोल कुलूप तुला आपल्याकडच्या सायकलींमुळे माहीत आहेच. ते एकटं पुरत नाही, कारण सायकल उचलून टेम्पोत टाकता येते. जाड साखळी फ्रेम आणि पुढच्या चाकातून घेऊन स्टँडला बांधायची. नुसतं चाक बांधलंस, तर चाक तेवढं उरेल.

स्टेशनवर राखणदार असलेल्या पार्किंगमध्येच लाव. आमच्या यूट्रेख्टला स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकलींची जागा आहे, आणि पहिले चोवीस तास फुकट! तरी लोक घाईत बाहेरच्या कठड्याला सायकल टेकवतात. तिथून ती चोराने नेली नाही, तर नगरपालिका उचलते आणि सोडवायला पैसे मोजावे लागतात.

रेल्वेगाडीत सायकल नेताना वेगळं तिकीट लागतं, आणि कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत ती सहसा नेता येत नाही. घडीची सायकल मात्र मिटवून कधीही, फुकट. सायकलीची जागा दाराशीच असते, म्हणून धोका दार उघडतं तेव्हाचा. चोर फलाटावर उतरतो, दार मिटतं, गाडी सुटते. तेव्हा गाडीतही मागचं कुलूप लावच. सायकल दिसेल अशा जागी बस, आणि स्टेशन आलं की फोनमधून मान वर काढ. काढता येणारे दिवे, पिशवी बरोबर ठेव.

चोरी झालीच, तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार दे. विमा असेल, तर त्यालाही ती लागते.

साखळीत पैसे वाचवू नकोस. कमी पडले तर मला सांग, मी पाठवते.

तुझी,
शुभाआत्या