वाहतुकीची आश्वासने कशी तोलावीत?

सभासद बंधू-भगिनींनो,

तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे आम्ही शेतीखात्यातर्फे नेहमी सांगतो. उशीर झाला की वजन घटते, उतारा घसरतो. त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च एफ.आर.पी.मधूनच वजा होतो. म्हणजे रस्ता खराब, तर भुर्दंड शेवटी आपल्याच बिलाला. म्हणून मत मागायला येणारा उमेदवार वाहतुकीबद्दल जे बोलतो, तेही काट्यावर घालून पाहावे.

कसे पाहावे, यासाठी मुंबईतल्या हिंदमाताचे उदाहरण घेऊ. दादर-परळचा हा भाग आपल्याला परका नाही. गिरण्यांच्या काळात घाटावरची किती तरी माणसे तिकडे राहिली.

१५ जानेवारी २०२६ रोजी मुंबई महापालिकेच्या २२७ जागांसाठी मतदान झाले. एका युतीने बेस्ट बसचे किमान भाडे १० रुपयांवरून ५ वर आणू म्हटले. दुसरीने महिलांना निम्मे भाडे देऊ म्हटले. पक्षांची नावे इथे घेत नाही, आपल्याला रीत शिकायची आहे. प्रश्न तीनच.

पहिला : काम याच्या हातातले आहे का? बेस्ट १९४७ पासून महापालिकेची, तेव्हा हे आश्वासन योग्य दारातले. पण लोकल गाड्या केंद्राच्या. प्रभादेवीचा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद झाला, परळकरांना वळसा पडला; पण ते काम राज्याच्या एमएमआरडीएकडे. नगरसेवक तिथे पाठपुरावा करील, हुकूम सोडू शकणार नाही.

दुसरा : पैसा कुठून? जुलै २०१९ मध्ये बेस्टचे किमान भाडे ८ वरून ५ रुपये झाले, मे २०२५ मध्ये ते १० झाले. २०१० च्या सुमारास चार हजारांवर असलेल्या गाड्या २०२५ मध्ये तीन हजारांच्या खाली आल्या होत्या. तिकीट स्वस्त आणि गाडीच येईना, तर ती सवलत काय कामाची?

तिसरा : खरी अडचण सुटते का? हिंदमाताचा भाग खोलगट. मोठा पाऊस आणि भरती एकदम आली की पाणी तुंबते, बस दुसरीकडून वळवाव्या लागतात. त्यासाठी महापालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या. नाला आणि पंप हीसुद्धा वाहतुकीचीच कामे. भाषणात मात्र ती मागे पडतात.

आता आपल्या गटाकडे या. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. एस.टी. राज्याची, महिलांना निम्मे तिकीट मार्च २०२३ पासून राज्य सरकारनेच दिले. तेव्हा जिल्हा परिषदेचा उमेदवार हायवे रुंद करतो म्हणाला, तर ऐकून घ्यावे, हिशेबात धरू नये. त्याला विचारावे ते असे : आमच्या ग्रामीण मार्गावरची ओढ्याची मोरी भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला पेलेल का? वळणावर दोन ट्रॉल्या निघतील एवढी जागा होईल का? गाळप सुरू होण्याआधी खड्डे बुजतील का? निधी कोणत्या योजनेतून येणार?

वहीचे एक पान घ्या. वर उमेदवारांची नावे, बाजूला हे तीन प्रश्न. प्रत्येकाला तेच विचारा आणि उत्तर त्याच्या समोरच लिहा. लिहून घेतात म्हटले की माणूस जपून बोलतो. निवडून कोणीही येवो, पान फाडू नका. पुढच्या हंगामाआधी तेच घेऊन त्याच्याकडे जायचे आहे. तोवर आपापल्या शिवारातल्या अडचणीच्या मोऱ्या आणि रस्ते गट ऑफिसात नोंदवावेत, ही विनंती.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी