गेन कमी कर, मग बघू

डोंबिवली

चि. सानिका,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचं वेड ताईचं. तुझी गाडी मात्र ब्रायन मेवर येऊन थांबलेली दिसते. क्वीनच्या रेकॉर्डवरचा त्याचा गिटारचा टोन तुला हवाय आणि त्यासाठी पहिल्या पगारातून महागडा फ्लोअर मॉडेलर, म्हणजे अँप आणि पेडलांची डिजिटल नक्कल करणारा पायाशी ठेवायचा डबा, घ्यायचा बेत आहे. माझं मत आधीच सांगतो: एवढ्यात घेऊ नकोस. तुझी तीन सिंगल कॉइल पिकअपची गिटार, ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉपवरचा अँप सिम्युलेटर एवढ्यावर बरंच जमतं. तुझं घोडं अडलंय ते दुसरीकडेच.

नक्कल करायची लाज बाळगू नकोस. ब्रायनची सुरुवातही तशीच झाली. टेस्ट बँडचा रोरी गॅलाघर वाजवताना ऐकून त्याने त्यालाच गाठलं आणि हा आवाज येतो कसा, असं विचारलं. गॅलाघरने आडपडदा ठेवला नाही: व्हॉक्स एसी-30 अँप आणि त्याच्या आधी डॅलस रेंजमास्टर हा छोटासा ट्रेबल बूस्टर. ब्रायनने तीच जोडी वापरून पाहिली, पण त्यातून गॅलाघर निघाला नाही, ब्रायन निघाला. कारण गिटार वेगळी होती. म्हणून तुलाही सांगतो, सामानाची यादी पाठ करण्याआधी कुठल्या वस्तूमुळे काय होतं ते समजून घे.

ती गिटार, म्हणजे रेड स्पेशल, त्याने वडील हॅरोल्ड यांच्याबरोबर 1963 पासून घरीच बनवली. फेंडर परवडत नव्हती. मानेचं लाकूड जुन्या फायरप्लेसचं, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या, खुणेचे ठिपके आईच्या शिंपल्याच्या बटणांचे. पिकअपही आधी त्याने स्वतःच केले, पण तार ओढून वाकवली की त्यांतून विचित्र आवाज यायचा, म्हणून बर्न्सचे ट्राय-सॉनिक आणून बसवले. तुझ्या कामाची गोष्ट पुढे आहे. हे तीन पिकअप सिरीजमध्ये जोडलेले आहेत. तुझ्या गिटारवर दोन पिकअप एकत्र लावले की ते पॅरललमध्ये येतात, आवाज पातळ आणि किणकिणता होतो. सिरीजमध्ये मात्र दोघांचं आउटपुट एकमेकांत मिळतं आणि मधला पट्टा भरतो. ब्रायनची नेहमीची जोडी म्हणजे ब्रिज आणि मधला. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून या दोघांसाठी सिरीजचा पुश-पुल पॉट बसवून घे. मॉडेलरच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे आणि फरक पहिल्याच कॉर्डला कळेल.

दुसरं काम फुकटचं आहे. ब्रायन प्लास्टिकच्या पिकने वाजवत नाही, सिक्सपेन्सच्या नाण्याने वाजवतो. नाणं वाकत नाही, त्यामुळे बोटांचा दाब थेट तारेपर्यंत पोचतो. आणि त्याच्या दातेरी कडेमुळे प्रत्येक सुराच्या तोंडाशी बारीकशी खरखर येते. सिक्सपेन्स शोधत बसू नकोस. आजीच्या डब्यात जुने चार आणे सापडतील, आकाराने जवळपास तेवढेच. त्यातलं दातेरी कडेचं घे. गेंड्याचं चित्र असलेलं पोलादी नको, त्याची कड गुळगुळीत असते. नाणं सैल धर. घट्ट धरलंस तर नुसता खडखडाट ऐकू येईल.

आता बूस्टर. नावात ट्रेबल आहे म्हणून तो नुसता आवाज टोकदार करतो, असं समजू नकोस. तो खालचा बास छाटतो आणि वरचा भाग जोरात पुढे ढकलतो. बास आधीच छाटलेला असल्यामुळे अँप कितीही फाटला तरी सूर गढूळ होत नाही. स्वच्छ अँपपुढे हाच बूस्टर कानाला टोचतो. पूर्ण उघडलेल्या एसी-30 पुढे तो गातो. म्हणून सिम्युलेटरमध्ये बूस्टर सगळ्यांत आधी लाव, त्याच्याआधी काही नको. मग एसी-30 चा नॉर्मल चॅनल, व्हॉल्यूम पूर्ण, आणि स्पीकर म्हणून सेलेशन ब्लूचा आयआर, म्हणजे त्या स्पीकरच्या आवाजाची डिजिटल छाप. खरा एसी-30 इतका उघडला असतास तर सोसायटीच्या सेक्रेटरीने दार वाजवलं असतं. नव्या सामानाचे खरे उपकार हे आहेत. यानंतर पेडल बदलत बसायचं नाही. गिटारचा व्हॉल्यूम नॉब फिरवायचा: दोन-तीनवर जवळजवळ स्वच्छ, पाच-सहावर ऱ्हिदम, दहावर सोलो. हा नॉब करंगळीने, वाजवता वाजवता फिरवता यायला हवा. रोज दहा मिनिटं फक्त त्यालाच दे.

आता तुझी मूळ तक्रार: रेकॉर्डवर आवाज डोंगराएवढा आणि तुझ्या खोलीत किरटा. मग तू गेन वाढवतेस आणि सगळा चिखल होतो. सानिका, रेकॉर्डवर तू जे ऐकतेस ती एक गिटार नाहीच. ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ या 1975 च्या अल्बममधलं ‘गुड कंपनी’ नीट ऐक. त्यात जॅझ बँडची वाद्यं वाजल्यासारखी वाटतात, पण त्या सगळ्या ब्रायनच्याच गिटारी आहेत, एकेक ओळ वेगळी रेकॉर्ड करून रचलेल्या. त्यासाठी त्याने वापरलेला डीकी अँप बासिस्ट जॉन डीकनने कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डापासून बनवलेला होता आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा. आवाजाचा डोंगर अँपच्या ताकदीतून आलेला नाही, हे यावरूनच लक्षात येईल.

यामागचं कारणही साधं आहे. तीन सूर एकदम डिस्टॉर्शनमधून गेले की ते आपसांत मिसळून भलतेच सूर तयार करतात. तेच तुला चिखल वाटतं. तेच तीन सूर वेगवेगळे रेकॉर्ड करून नंतर एकत्र केले, तर प्रत्येकाची धार टिकते आणि कॉर्ड स्वच्छ उभी राहते. तो नाद व्हायोलिनच्या ताफ्यासारखा वाटतो तो त्यामुळेच. ब्रायनला हे टेपवर करायला लागायचं. तुझ्या लॅपटॉपवर ट्रॅक हवे तेवढे आहेत. या बाबतीत तू त्याच्यापेक्षा श्रीमंत आहेस.

एवढं सगळं करूनही तुझा टोन हुबेहूब त्याचा होणार नाही, आणि तो व्हावा अशी माझी इच्छाही नाही. पण कुठला भाग कशामुळे येतो हे एकदा कळलं की उद्या दुसऱ्या कुणाचा टोन हवासा वाटला तरी दुकान गाठावं लागणार नाही. हे सगळं झाल्यावरही मॉडेलर हवासा वाटलाच, तर खुशाल घे, मी अडवणार नाही.

तोवर एक काम कर. तीन सुरांची एखादी छोटी धून तूच बांध, प्रत्येक ओळ वेगळी वाजव, गेन आत्ता ठेवतेस त्याच्या निम्म्यावर आण आणि फाइल मला पाठव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा