पांढऱ्या रेशनकार्डावरही मोफत उपचार

प्रश्न : आमचं रेशनकार्ड पांढरं. वडील ७२ वर्षांचे, मधुमेही. अँजिओप्लास्टी सांगितली आहे. सरकारी योजना फक्त पिवळ्या-केशरी कार्डांना, असं एजंट म्हणतो. धानाच्या पैशातून पॉलिसी घेऊ का? – एक वाचक, कामठा (जि. गोंदिया)

उत्तर : दादा, पैसे जरा थांबवा. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेली योजना, म्हणजे आजची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, पूर्वी खरंच मुख्यतः पिवळ्या-केशरी कार्डांपुरती होती. एजंट तेच जुनं सांगतोय. १ जुलै २०२४ पासून पांढरं कार्डही चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. अँजिओप्लास्टी त्यात बसते. शिवाय सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. आधार घेऊन वडिलांचं तेही काढा.

उपचार मात्र योजनेतल्याच रुग्णालयात हवेत. गोंदियात कुठे सोय आहे, हे योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर विचारा. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भरती होण्याआधी भेटा. आधी बिल भरून मागाहून परतावा मिळेल, या भरवशावर राहू नका. रेशनकार्डावर नाव ‘रामा’ आणि आधारवर ‘रामाजी’ असं असेल, तर ती दुरुस्ती आजच करा. ऐन वेळी माणसं अशा अक्षरांपायीच धावपळ करतात.

खासगी पॉलिसी वाईट नाही. रुग्णालय निवडायला जास्त वाव मिळतो. पण आधीच्या आजारासाठी ती ३ वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. वडिलांच्या आत्ताच्या उपचाराला तिचा उपयोग होणार नाही. स्वतःसाठी, बायको-मुलांसाठी घ्यायची तर जरूर घ्या; अर्जात एकही आजार लपवू नका.