जुना गेम, नवे हातवारे: घ्यावा की सोडावा?

तर तुमच्या मनात एखादा जुना गेम भरलाय. नव्या वेष्टनात पुन्हा आलाय, आणि आता म्हणे हात हलवून खेळता येतो. घ्यायचा का? थांबा, दुकानाचं पान उघडू नका. पैसे या कृतीत पार शेवटी येतात. आधी एक कागद, पेन, मोजपट्टी, जुनं वर्तमानपत्र आणि संध्याकाळचा तासभर एवढं काढून ठेवा. वर्ध्यात रामनगरला राहत असाल नाहीतर सेवाग्राम रोडला, साहित्य तेच. एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू: निन्टेंडो स्विचवरचा ‘झेल्डा: स्कायवर्ड सोर्ड एचडी’.

१. कागदावर गेमचं पूर्ण नाव लिहा, शेवटच्या शेपटासकट. ‘एचडी’, ‘रिमास्टर्ड’, ‘ट्रिलॉजी’ जे असेल ते. सावधान: नाव एक, वस्तू अनेक. ‘स्कायवर्ड सोर्ड’ २०११ साली वी कन्सोलच्या डिस्कवर आला आणि २०२१ साली ‘एचडी’ होऊन स्विचवर. ‘मेट्रॉइड प्राइम’ तर २००२, २००९ आणि २०२३ अशा तीन अवतारांत सापडतो. शेपूट विसरलात तर स्वस्तात मिळालेली डिस्क घरातल्या कन्सोलमध्ये शिरणारच नाही.

२. त्याखाली आपल्या कन्सोलचं नेमकं मॉडेल लिहा. नुसतं ‘स्विच’ लिहून चालत नाही. तुमच्याकडे स्विच लाइट असेल तर तिचे कंट्रोलर अंगाला जोडलेलेच असतात, सुटे होत नाहीत. ‘स्कायवर्ड सोर्ड’मधली तलवार हाताने फिरवायची तर सुट्या कंट्रोलरची, म्हणजे जॉयकॉनची, वेगळी जोडी विकत घ्यावी लागेल. तो खर्च आत्ताच कागदावर टाका, नाहीतर नंतर आठवतो.

३. कन्सोल परदेशातून आला असेल तर अडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. स्विचच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्याची काळजी नको. पण अमेरिकेतल्या काकांनी जुना वी पाठवला असेल तर त्याचा अडॅप्टर तिकडच्या १२० व्होल्टचा असतो. आपल्या भिंतीत २३० आहेत. नुसती पिन बदलणारं सॉकेट लावून तो खोचू नका, जळेल. शिवाय वी ज्या प्रदेशाचा, त्याच प्रदेशाच्या डिस्क वाचतो. अमेरिकन वीला युरोपची डिस्क चालत नाही.

४. हॉलमधला पंखा बंद करा. हो, ही वेगळी पायरी आहे, आणि पुढचीच्या आधी आहे.

५. पंखा पूर्ण थांबल्यावर वर्तमानपत्राची सुरळी हातात धरून टीव्हीसमोर उभे राहा आणि हात सरळ वर करा. सुरळी पात्याला लागली? मग त्या जागी तलवारबाजी नाही. दोन पावलं मागे किंवा बाजूला सरकून पुन्हा बघा. मे महिन्यात पंखा बंद ठेवून खेळू म्हणाल, तर वर्ध्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. जागा अशी शोधा की पंखा चालू राहील आणि हातही शाबूत राहील.

६. आता सुरळी आडवी फिरवून चहूबाजूची मोकळी जागा मोजा. टीपॉय, दिवाणाचा कोपरा, कूलर, धाकट्याची सायकल, सगळं या मापात धरायचं. एका माणसाला दोन्ही हात पसरून वर वीतभर जागा उरली पाहिजे. जुन्या एक्सबॉक्सच्या किनेक्टचा, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा, विचार करत असाल तर मोजपट्टी टीव्हीपासून लावा. एकाला साधारण १.८ मीटर आणि दोघांना २.४ मीटर लागतात, आणि आपल्याकडचे कित्येक हॉल इथेच नापास होतात. नापास झालात तर किनेक्टचा विषय संपला, पैसे वाचले.

७. फक्त वीवाल्यांनी: टीव्हीवर ऊन पडतं का ते बघा. वीचा रिमोट टीव्हीजवळच्या पट्टीतून निघणारा इन्फ्रारेड प्रकाश शोधत असतो. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन, पिवळा बल्ब, अगदी दिवाळीत टीव्हीशेजारी ठेवलेली पणतीसुद्धा त्याला चकवते, आणि पडद्यावरचा बाण उड्या मारू लागतो. पडदा ओढा, पणती दुसऱ्या कोनाड्यात ठेवा. स्विचवाल्यांनी ही पायरी सोडून द्या, जॉयकॉनच्या पोटातच हालचाल ओळखणारे सेन्सर असतात.

८. मोबाईलवर त्या गेमचा, खेळणाऱ्याचे हात दिसतील असा, न कापलेला व्हिडिओ शोधा. जाहिरातीचा नको. जाहिरातीतल्या माणसाचा वार कधी चुकत नाही.

९. दहा मिनिटं आवाज बंद करून बघा आणि खेळणारा पडद्यावरचा बाण मध्यावर आणण्यासाठी कितीदा थांबतो ते मोजत जा. प्रत्येक वेळी कागदावर एक रेघ मारा. ‘स्कायवर्ड सोर्ड एचडी’त हे काम वाय बटणाने होतं, एकदा दाबलं की बाण मध्यावर येतो, फारसा त्रास नाही. पण एखाद्या गेममध्ये दहा मिनिटांत कागद रेघांनी भरला, तर तुमच्याही नशिबी तेच आहे. आवाज बंद ठेवायला विसरू नका. संगीत चांगलं असलं की रेघा मारायचं भान राहत नाही.

१०. त्याच व्हिडिओवरून ठरवा की हात नक्की काय काम करतो, आणि तीनपैकी एकच शब्द लिहा: नेम, वार किंवा झटका.

या पायरीवर वेळ घालवा, माझ्या मते अर्धा निकाल इथेच लागतो. ‘नेम’ म्हणजे हात फिरवला तिकडे बाण गेला. ‘पिकमिन १’मध्ये इवल्याशा पिकमिनना नेमक्या जागी फेकायचं असतं, ‘मेट्रॉइड प्राइम रिमास्टर्ड’मध्ये बंदूक रोखायची असते, ‘ओकामी एचडी’त पडद्यावर कुंचला ओढायचा असतो. अशा खेळांना हातवारे मनापासून मानवतात. कंट्रोलरच्या काठीने चाचपडण्यापेक्षा मनगट कितीतरी चटकन पोचतं. ‘वार’ म्हणजे हाताची दिशा गेमला कळते. ‘स्कायवर्ड सोर्ड’मधला शत्रू डावीकडून अडवतो तेव्हा तुम्हाला उजवीकडून वार करावा लागतो. तिथे हात हाच खेळ आहे.

‘झटका’ मात्र निव्वळ बटणाचा सोंगाड्या असतो. कंट्रोलर कसाही हलवा, काम एकच. वीवरच्या ‘सुपर मारियो गॅलक्सी’त मारियोची गिरकी झटक्याने व्हायची. २०२० मध्ये तोच गेम स्विचवर आला तेव्हा गिरकी साध्या बटणावरही दिली. ‘डाँकी काँग कंट्री रिटर्न्स’मध्येही लोळण घ्यायला वी रिमोट झटकावा लागायचा. २०२५ च्या एचडी आवृत्तीत ते काम बटणाने होतं. कागदावर ‘झटका’ आला म्हणून गेम वाईट ठरत नाही, पण हातवाऱ्यांसाठी म्हणून जास्तीचा एक रुपयाही देऊ नका.

सावधान: एकाच गेममध्ये तिन्ही असू शकतं. जे सगळ्यात जास्त वेळ करावं लागतं तेच लिहा.

११. हातवारे बंद करून फक्त बटणांवर खेळता येतं का, ते गेमच्या माहितीत शोधा. येत असेल तर ठळक बरोबरची खूण करा. ‘स्कायवर्ड सोर्ड एचडी’त येतं, उजवी काठी ढकलली की तलवार फिरते. ‘मेट्रॉइड प्राइम रिमास्टर्ड’मध्ये तर कंट्रोलचे चार प्रकार दिलेत, निवडा हवा तो. सावधान: ‘येतं’ एवढ्यावर समाधान मानू नका, कसं येतं ते बघा. ‘स्कायवर्ड सोर्ड’मध्ये उजवी काठी तलवारीने बळकावल्यामुळे इकडेतिकडे बघायला आधी एल बटण दाबून धरावं लागतं. सवय होते, पण पहिले दोन दिवस बोटं एकमेकांत अडकतात.

१२. सोयीची एखादी गोष्ट वेगळी विकली जातेय का ते तपासा. ‘स्कायवर्ड सोर्ड एचडी’त आकाशातून जमिनीवर आणि जमिनीवरून परत आकाशात कुठूनही झटपट जायची सोय आहे, पण ती चालते एका वेगळ्या विकत घ्यायच्या बाहुल्यावर, अमिबोवर. त्याशिवाय गेम पुरा होतो, फक्त पायपीट जास्त. अमिबो घेणार असाल तर त्याचीही किंमत आत्ताच कागदावर.

१३. पाण्याची रिकामी प्लास्टिक बाटली हातात घेऊन दहा मिनिटं वार करा. हसू नका, घरचे हसतील ते पुरे. व्हिडिओतल्या माणसासारखे वार करा, वर, खाली, आडवे. खांदा भरून आला तर बटणांची पायरी तुमच्यासाठी जीवनावश्यक आहे. मुलगा खेळणार असेल तर बाटली त्याच्या हातात द्या, आणि आजी खेळणार असतील तर त्यांना खुर्चीत बसवूनच. मोबाईल हातात धरून ही चाचणी करू नका. घामाने निसटला की थेट टीव्हीत.

१४. आता, आत्ता कुठे, किंमत लिहा. निन्टेंडोचं भारतात अधिकृत ऑनलाइन दुकान नाही, त्यामुळे आकडे डॉलरमध्ये दिसतील. अमेरिकेत ‘स्कायवर्ड सोर्ड एचडी’ ५९.९९ डॉलरला आला आणि ‘मेट्रॉइड प्राइम रिमास्टर्ड’ ३९.९९ ला. त्या दिवसाच्या दराने रुपये करा, आयात करणाऱ्याचा नफा वर धरा. संगणकावर स्टीममध्ये मिळत असेल तर तिथे भाव थेट रुपयांतच असतो. ‘ओकामी एचडी’ तिथे आहे आणि कुंचला माउसने छान चालतो. खरं सांगू, घरी बरा संगणक असताना त्या एका गेमसाठी कन्सोलच्या मागे लागू नये.

१५. परतीचा नियम किमतीशेजारी लिहा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. प्लेस्टेशनच्या दुकानातही १४ दिवस, पण डाउनलोड सुरू केलं की तो हक्क गेला. निन्टेंडोचा डाउनलोड घेतला की घेतला, परतीची आशा नको. सावधान: स्टीमच्या दोन तासांत मेनू, गोष्ट, चहाला उठलात तो वेळ, सगळं धरलं जातं. हातवारे पहिल्या तासातच तपासा.

१६. कागद समोर धरून निकाल लावा. जागा पास आणि शब्द ‘नेम’ किंवा ‘वार’ असेल, तर घ्या. शब्द ‘झटका’ आणि बटणांची सोय आहे? मग जुना गेम म्हणून आवडत असेल तरच घ्या. झटका आहे आणि बटणांची सोय नाही? कागद घडी करून खिशात ठेवा आणि दुसरा गेम निवडा. जागा नापास पण बटणांची सोय चांगली असेल तर किमतीवर अडून बसा. तुम्ही अर्धाच गेम वापरणार आहात.

१७. दुकानात जाण्याआधी फोन करा. स्विचचं कार्ट्रिज घ्यायला वर्ध्याहून बहुतेकांची पावलं नागपूरला, सीताबर्डीकडे वळतात. पाऊणशे किलोमीटर जाऊन ‘कालच संपलं’ ऐकण्यापेक्षा फोनवर पहिल्या पायरीतलं पूर्ण नाव वाचून दाखवा. स्विचची कार्ट्रिज कुठल्याही देशाची चालतात, त्याची चिंता नको. मात्र याच निमित्ताने नवा स्विच २ घेणार असाल तर तो जपानी भाषेचा आहे का ते विचारा. जपानचा तो स्वस्त स्विच २ फक्त जपानी भाषेत आणि फक्त जपानच्या खात्यावर चालतो. स्वस्त वाटतो, घरी आल्यावर कळतं.

१८. बिल घ्या. इथे कंपनीची अधिकृत विक्रीच नसल्याने तक्रार ऐकणारा दुकानदार हाच काय तो आधार, आणि बिलाशिवाय तो ओळख दाखवेलच असं नाही. जमलं तर कन्सोल सोबत नेऊन कार्ट्रिज तिथेच लावून बघा.

१९. घरी आल्यावर जॉयकॉन फरशीवर सपाट ठेवून सेटिंगमधून मोशन कंट्रोल जुळवून घ्या. गादीवर ठेवू नका, आणि कूलरच्या थरथरीने हलणाऱ्या टेबलावर तर मुळीच नको. तो थरथराट जॉयकॉन हालचाल समजतो आणि जुळणी बिघडते.

२०. पट्टा मनगटात घाला. हात पुसा, मग घाला. विदर्भातल्या उन्हाळ्यात घामेजलेल्या हातून कंट्रोलर सुटायला वेळ लागत नाही.

२१. पहिला तास फक्त हातवाऱ्यांवर खेळा. मध्येच बटणांवर जाऊ नका, दोन्ही सवयी एकदम लागत नाहीत.

२२. नाही आवडला तर आठवडाभरात कार्ट्रिज डब्यासकट विकायला काढा. निन्टेंडोचे स्वतःचे गेम जुन्या बाजारातही बऱ्यापैकी भाव धरून असतात, आणि डबा, बिल सोबत असेल तर घासाघीस कमी होते. डाउनलोड घेतला असेल तर ही पायरी तुमच्यासाठी नाही. म्हणून पहिल्यांदा हातवाऱ्यांचा गेम घेताना मी कार्ट्रिजच घ्या म्हणेन, थोडा महाग पडला तरी.