पोटात घ्यावयाचे पेनिसिलिन

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगावसारख्या गावी शाळकरी मुलाचा घसा दुखू लागला, की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू होतात. ते योग्यच आहे. कारण बहुतेक घसेदुखी विषाणूंमुळे उद्भवते व आपोआप बरी होते. तथापि ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके व मानेत दुखऱ्या गाठी असून खोकला मात्र नसेल, तर स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूची शंका घ्यावी लागते. हा जिवाणू घशापाशीच थांबतो असे नाही. दोन-तीन आठवड्यांनंतर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो, सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपांना कायमची इजा पोहोचू शकते. ५ ते १५ या वयोगटात हा धोका विशेष असतो. वेळीच दिलेल्या पेनिसिलिनने तो बव्हंशी टळतो.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये लंडन येथे एका बुरशीत सापडलेले हे द्रव्य प्रारंभी टोचूनच द्यावे लागे. जठरातील आम्लात ते नष्ट होई. आम्लात टिकणारे ‘पेनिसिलिन व्ही’ १९५० नंतरच्या काळात उपलब्ध झाले आणि गोळी देणे शक्य झाले. याच सुमारास, १९५४ मध्ये, पुण्याजवळ पिंपरी येथे केंद्र सरकारची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांचे साहाय्य लाभलेल्या या कारखान्यातून १९५५ मध्ये पेनिसिलिन बाहेर पडू लागले. याच कुळातील अमॉक्सिसिलिन १९७० नंतर वापरात आले व आज तेच अधिक आढळते.

जिवाणूच्या पेशीभोवती जाळीसारखी विणलेली भिंत असते. पेशी वाढताना ही वीण सतत सांधावी लागते. सांधण्याचे काम करणाऱ्या विकराला पेनिसिलिन चिकटून बसते. भिंत कच्ची राहते, आत पाणी शिरते व पेशी फुटते. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नसल्याने त्या सुरक्षित राहतात. विषाणूलाही ती नसते. म्हणून सर्दी-पडशावर हे औषध व्यर्थ होय.

स्ट्रेप्टोकोकसच्या घसेदुखीत गोळ्या पूर्ण १० दिवस घ्यावयाच्या असतात. खरी अडचण येथेच आहे. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, मूल खेळू लागते आणि उरलेल्या गोळ्या दुसऱ्या भावंडासाठी फळीवर ठेवल्या जातात. पेनिसिलिन व्ही उपाशीपोटी घेणे इष्ट. अमॉक्सिसिलिनला जेवणाचे बंधन नाही. लहान मुलांच्या बाटलीतील भुकटीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालावे, प्रत्येक वेळी बाटली हलवावी व लेबलवरील मुदतीनंतर औषध टाकून द्यावे. पूर्वी पेनिसिलिनने अंगावर गांधी उठल्या असतील वा धाप लागली असेल, तर डॉक्टरांना तसे आधीच सांगितले पाहिजे. चिठ्ठीशिवाय या औषधांची विक्री करण्यास कायद्याने मनाई आहे.

ज्या मुलाला संधिवाताचा ताप एकदा येऊन गेला, त्याला दर तीन-चार आठवड्यांनी दीर्घकाळ परिणाम टिकणाऱ्या पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांत ही तारीख सहज चुकते. अशा मुलाजवळ औषधाचे नाव व पुढील तारीख लिहिलेले कार्ड असल्यास वाटेवरील कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना त्याची हकीकत तत्काळ कळू शकते.